दोन्ही अंगांना नाव

पाण्याचा पेला हातात दिला की आक्का आधी तो डोळ्यांसमोर धरून गोल फिरवायच्या. कडेखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव सापडेपर्यंत घोट घ्यायच्या नाहीत. नाव सापडलं की ते मोठ्यानं वाचायच्या.

"हां. हा गडी. माझ्या नणंदेच्या लग्नात आमटीत मीठ कमी हाय म्हून ताटावरून उठला होता. आन् आहेर काय, तर ह्यो पेला."

मग प्यायच्या. अगदी चवीनं.

तुमच्याही घरात अशी भांडी असतील. कुणाच्या लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीत आलेली, देणाऱ्याचं नाव अंगावर घेऊन फडताळात बसलेली. आपण त्यात पोहे खातो आणि नाव वाचत नाही. आक्का वाचायच्या. त्यांच्यासाठी फडताळ म्हणजे उभी राहिलेली माणसं होती, आणि त्यातली बरीचशी गुन्हेगार.

हे लिहिण्यामागे माझा हेतू फारसा चांगला नाही, हे आधीच सांगते. आक्कांवर गोड लिहून चालणारही नाही. "गोड बोलणारं माणूस म्हंजी ज्याच्या काय बी ध्यानात राहात न्हाई," असं त्यांचं मत होतं. त्यांच्या सगळं ध्यानात राहायचं. कुणी काही लागट बोललं की त्या भांडत नसत. कपाळावरचे विभूतीचे पट्टे जरा आक्रसायचे, आणि त्या एवढंच म्हणायच्या, "ध्यानात हाय."

मी नांदेडची. फूड टेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षानंतर आम्हाला कुठल्यातरी कारखान्यात ट्रेनिंग करावं लागतं. माझ्या वाट्याला लातूरची एक डाळ मिल आली. बाबा विष्णुपुरीला कॉलेजात नोकरीला आहेत. त्यांनी ओळखीच्या माणसाकडून गोलाईच्या, म्हणजे जुन्या गोल बाजाराच्या, मागच्या गल्लीत आक्कांची वरची खोली ठरवली. आक्का माहेरच्या उदगीरकडच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा बायकोला घेऊन नव्या कॉलनीत राहायला गेलेला. खाली आक्का आणि त्यांची भांडी, वर मी, असा तो मुक्काम ठरला.

खोली बघायला आलो त्याच दिवशी बाबा मला मिलमध्ये ओळख करून द्यायला घेऊन गेले.

तुरीची धूळ तुम्ही पाहिली आहे का? पिवळी असते. पत्र्यातून आलेल्या उन्हात ती इतकी सुंदर दिसत होती की मी क्षणभर घाबरायचंच विसरले. मॅनेजरांच्या टेबलावर छोट्या बशांमधून डाळीचे नमुने मांडलेले होते. एक जण चिमटीत डाळ घेऊन दाताखाली फोडून बघत होता. दाराशी हमाल पाणी पीत उभे होते.

"नाव काय बाई?" मॅनेजरांनी विचारलं.

आता इथे मला माझी एक अडचण सांगायला हवी. शाळेत आम्हाला नाव सांगायचं ते 'माय नेम इज'पासून. ती चढायला पायरी असते. तेवढ्यात श्वास गोळा करता येतो. मराठीत नाव विचारलं की माणूस थेट नावच सांगतो. पायरी नाही, एकदम उडी. अनोळखी माणसापुढे ती उडी मला लहानपणापासून जमत नाही. तोंड उघडतं, 'श' जिभेशी येतो आणि तिथेच बसून राहतो.

तो बसून राहिला. मॅनेजरांनी वाट पाहिली. मग ते बाबांकडे वळले.

"ओ साहेब, पोरगी आणलाव का पोरीचा फोटू?"

हमाल हसले. डाळ चावणारा हसला. आणि बाबाही हसले. बाबांचं हसणं सगळ्यात हळू होतं, पण मला तेच ऐकू आलं.

"इंग्लिश मीडियम," बाबा म्हणाले. एखाद्या आजाराचं नाव सांगावं तसं.

"मग आता आमच्या तुरीला बी इंग्लिश शिकवाया लागतंय." पुन्हा हशा. "असू द्या, सोमवारपासून धाडा. फोटू तर फोटू. भिंतीला लावून ठिवू."

आक्कांच्या घरी परत आले आणि मोरीत ओकले. आक्कांनी तांब्याभर पाणी आणून दिलं आणि विचारलं, "कोन काय म्हणलं?"

"काही नाही हो," बाबा म्हणाले, "जरा घाबरट आहे ती."

"तुमाला न्हाई इचारलं. पोरीला इचारलं."

मी मान हलवून काही नाही म्हटलं. आक्कांनी माझ्याकडे पेला बघतात तसं, जरा फिरवून बघितलं. "बरं. सांगशील तवा सांग. फकस्त इसरू नको."

बाबा संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला परतले. सोमवार यायला अजून काही दिवस होते. तेवढ्यात गावाला सरावशील, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात मी फक्त सोमवारला घाबरायचा सराव करत होते. सकाळी पोटात कळ यायची. तळवे ओले व्हायचे. मोबाईलवर 'ट्रेनिंगआधीची भीती कशी घालवावी' असं बरंच काही वाचलं. श्वास आत घ्या, धरा, सोडा. सकारात्मक विचार करा. आरशासमोर उभं राहून स्वतःची ओळख करून द्या. आरशासमोर मी झकास बोलायचे. आरसा मला नाव विचारत नव्हता, म्हणून.

"वर कोन मंत्र म्हणतंय?" खालून आक्कांचा आवाज.

"मी आहे, आक्का. प्रॅक्टिस करतेय."

"खाली ये. कोथमीर निवडू लाग. खामखा भिताडासंगं बोलू नको."

त्या दुपारी कोथिंबीर निवडता निवडता मला आक्कांची बदला घ्यायची रीत कळली. शेजारच्या घराकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं, की ती बाई सकाळी आपलं अंगण झाडून केर आक्कांच्या दारात लोटायची. आक्का एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्यांनी तिला वाटीभर शेंगदाण्याची चटणी पाठवली. वाटीवर नाव कोरलेलं. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे तुम्हाला सांगायला नको. शेजारीण साखर घालून वाटी द्यायला आली. त्याच संध्याकाळी आक्कांनी डबाभर धपाटे पाठवले. डब्यातून चिवडा परत आला. लगेच मोठ्या पातेल्यात आमटी गेली.

"मग?"

"मग काय. रोज माझं भांडं तिच्या वट्यावर. रोज तिला काय तरी रांधावं लागतंय. भांडं मोठंच व्हत चाललं. नवरा इचारतो, कामून रोज त्यांच्याकडं देतीस? बेजार झाली बाई." आक्कांनी कोथिंबिरीची जुडी ठेवून दिली. "एका सकाळी बघते तर माझ्या दारात झाडू मारून राहिली. मी म्हणलं, अगं माय, तू कामून तरास घेतीस? ये, चा घे."

दुसरी गोष्ट थोरल्या जावेची. आक्का नव्या नवरी असताना त्यांच्या माहेरून आलेली भांडी बघून ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "उदगीरला काय फकस्त चमचेच मिळतेत का?" आक्का थांबल्या. बरीच वर्षं थांबल्या. जावेच्या थोरल्या मुलाचं लग्न आलं तेव्हा त्यांनी भलीमोठी पितळी घागर आहेर केली. तिच्यावर वितीएवढ्या अक्षरात स्वतःचं नाव.

"रोज माझं नाव वाचून पाणी भरावं तिनं."

"पण आक्का, त्यांनी घागर भिंतीकडे तोंड करून ठेवली तर?"

आक्कांनी माझ्याकडे प्रथमच कौतुकानं बघितलं. मी त्यांच्या कामाची आहे असं त्यांना त्या क्षणी वाटलं असावं.

"म्हून तर," त्या म्हणाल्या, "दोन्ही अंगाला घातलं."

मी हसले. लातूरला आल्यापासून पहिल्यांदा. आणि हसता हसता मिलमधलं सगळं सांगून टाकलं: तो 'श', ते फोटोचं बोलणं, बाबांचं हसणं. सांगताना आवाज चिरकला, तेव्हा मी गडबडीनं म्हटलं, "मला फार भीती वाटते हो, आक्का."

"भ्या?" आक्का म्हणाल्या. "मला तर तुझ्या तोंडावर राग दिसून राहिला. दोन्ही पोटातच जळतेत, म्हून माणसाला कळत न्हाई कोंचं काय ते. भ्यायलेलं माणूस मागं सरकतंय. तू सांगता सांगता फुडं सरकलीस."

खाली बघितलं. मी खरंच चटईच्या टोकाशी आले होते, हातात कोथिंबिरीची देठं आवळून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवरून एक पितळी तांब्या काढायला लावला. त्यावर सासऱ्यांचं नाव होतं. "हात फिरव," त्या म्हणाल्या. नावाखाली बोटाला खरखरीत लागलं. तिथलं पितळ घासून घासून खोल गेलं होतं.

आक्कांच्या आईनं लेकीच्या लग्नाच्या भांड्यांवर लेकीचं नाव घातलं होतं. बापाचं नाही, भावाचं नाही, लेकीचं. लग्नात रीतीप्रमाणे सासरी नाव बदललं. तांदळात बोटानं नवीन नाव लिहिलं आणि सगळ्यांनी ते म्हटलं. आठवड्याच्या आत सासऱ्यांनी सगळी भांडी बाजारात धाडली, जुनं नाव कानशीनं घासून काढलं आणि त्यावर स्वतःचं घातलं. घरात नसलेल्या बाईचं नाव भांड्यावर कशाला, म्हणाले.

"मी स्वयंपाकघरातच हुते," आक्का म्हणाल्या. "घरात नसलेली म्हणं."

तेव्हा मला समजलं की जावेच्या घागरीवर कोणतं नाव आहे. लातुरात जे नाव कुणी कधी हाकेत घेतलं नाही, ते माहेरचं नाव आक्का आयुष्यभर लोकांच्या घरात पोचवत होत्या. आहेरातून, वाणातून, डोहाळजेवणाच्या ताटांतून. नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही. नुसतं ते नाव. कुठल्या कुठल्या घरात माणसं त्या नावातून ताक पीत होती, आणि त्यांना हे कोण ते ठाऊक नव्हतं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. त्याची जागा वेगळी आहे.

त्या रविवारी त्यांचा मुलगा आला. चांगला शिकलेला, स्वच्छ कपड्यांचा, घाईतला माणूस. काचेच्या ग्लासांचा खोका घेऊन आला होता.

"आई, हे डबडं काढून टाक आता सगळं. घर आहे का भांड्यांचं दुकान? आणि ते जुनं नाव घालायचं बंद कर बरं. माझ्या मित्राच्या घरी परात दिलीस तू, ते मला विचारतात, ह्या कोण? मला सांगायला बरं वाटत नाही."

"सांगायचं की कोन ते."

तो हसला. लहान मूल काहीतरी मजेशीर बोललं की हसतात तसा. जाताना आक्कांनी त्याला डबाभर चटणी दिली. तो गेल्यावर मी 'ध्यानात हाय'ची वाट बघत राहिले. ते आलं नाही.

"आक्का, ह्यांचं काय?"

"त्याचं राहू दे." त्या काचेच्या ग्लासांचा खोका न उघडता पलंगाखाली सारत होत्या. "पोराचं माझ्या हातनं व्हत न्हाई."

मला आठवलं: चटणीच्या त्या डब्यावर कुठेच नाव नव्हतं. आख्ख्या फडताळात नाव नसलेला तेवढा एकच डबा असेल.

संध्याकाळी त्या मला बाजारात घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सोमवार. भांड्यांच्या दुकानातून त्यांनी एक जाड स्टीलचा, मोठ्या तोंडाचा पेला निवडला, बोटानं वाजवून बघितला आणि माझ्या हातात दिला. "मिलमधी माठ हाय का?"

"आहे. दाराशी."

"मग ह्यो त्या माठावर ठिवायचा."

दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा बसला होता. समोर त्याचं ते यंत्र, खर्रर्र करत दात शिवशिवायला लावणारं. आजूबाजूला भांडी आपटत होती, शेजारी पिपाण्या विकणारा, रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न. आक्कांनी मला पुढे केलं आणि स्वतः जाऊन झारे बघत उभ्या राहिल्या. पाठ माझ्याकडे. मी हाक मारली तरी वळायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं, कारण मी दोनदा मारली.

"काय घालायचं?" त्या माणसानं विचारलं.

'श' आला. बसला.

"आँ?"

"श... शर्वरी."

"मोठ्यानं बोला! ह्या यंत्रापायी कान गेले माझे."

"शर्वरी."

"सरोजनी?"

"नाही! शर्वरी!"

"बाई, तुमी कुनाच्या मयताला आलाव का? मोठ्यानं बोला की!"

मला वाटलं, पेला तिथेच टाकून पळावं. आणि मग मी पुढे सरकले. मॅनेजरांच्या टेबलावरच्या बशा दिसल्या, दाराशी हसणारे दिसले, बाबांचे हसताना झाकलेले दात दिसले. मी त्या पायरीवर वाकून ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी काहीही म्हटलं नव्हतं. पिपाणीवाला वाजवायचा थांबला.

"हां, मग असं बोलायचं," तो माणूस म्हणाला. "फुडं? वडलांचं नाव?"

"न्हाई," झाऱ्यांच्या मागून आक्का म्हणाल्या. "बापाचं नाव बापाच्या भांड्यावर. हिच्यावर हिचं एकलीचं. आन् दोन्ही अंगाला."

सोमवारी मिलमध्ये शिरताना सगळं जसंच्या तसं होतं. भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण पिशवीत पेला होता, आणि चालताना तो मांडीला लागत होता. मॅनेजरांनी मला बघितलं आणि डाळ चावणाऱ्याला डोळा घातला.

"आला का फोटू? नाव सांगतीस का आज?"

मी सांगितलं. भांड्यांच्या बाजारात सांगितलं होतं तेवढ्याच मोठ्यानं. केबिन छोटी होती, त्यामुळे ते जरा जास्तच झालं. नमुन्याच्या बशीतली डाळ सांडली, कारण मॅनेजर दचकले.

"हळू, बाई! आमी काय बहिरे हाव का?"

बाहेर येऊन मी पेला माठाच्या झाकणावर ठेवला.

पुढचं मी योजलेलं नव्हतं, आक्कांनीही नसेल. मिलमध्ये तोपर्यंत माठावर प्लास्टिकचा एक चिरलेला मग होता. माझा पेला मोठा, पाणी गार धरणारा. सगळ्यांनी तोच उचलला. जुना मग आणि नवा पेला असा घोटाळा नको म्हणून हमालांनी त्याला माझंच नाव दिलं. "शर्वरी कुठंय?" म्हणजे पेला कुठंय. "शर्वरी धुऊन ठिवा." मॅनेजरांना तुरीच्या धुळीनं सारखी तहान लागायची, आणि माठ दाराशी. दिवसातून किती वेळा ते केबिनमधून ओरडायचे, "अरे, शर्वरी आणा! शर्वरी कुणी नेली?" जो माणूस माझं नाव ऐकून घ्यायला दोन क्षणांपेक्षा जास्त थांबला नाही, त्याला घसा कोरडा पडला की माझं नाव घ्यावं लागत होतं. मी चाळण्यांपाशी उभी राहून डाळीतला ओलावा मोजायचे आणि ऐकायचे. फार गोड लागायचं ते.

रोज संध्याकाळी आक्का दारातच विचारायच्या, "आज वरडला का?"

"खूप ओरडला."

"लई ऊन होतं आज," त्या समाधानानं म्हणायच्या. त्या उन्हाळ्यात लातूरचं ऊन आवडणारी लातुरात आम्ही दोघीच असू.

शेवटच्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "पोरगी चांगली निघाली हो. आमी गंमत केली होती, राग धरू नको." तुम्हाला वाटेल, मी विरघळले. नाही विरघळले. ते गंमत म्हणत होते आणि माझी रात्ररात्र झोप गेली होती. मी हसले आणि मनात आक्कांचे दोन शब्द म्हटले. पेला तिथेच ठेवून आले. अजून तिथे असेल. स्टील लवकर मरत नाही.

मी नांदेडला परतले, शेवटचं वर्ष झालं, उमरीकडच्या एका कारखान्यात नोकरी लागली. मुलाखतीत नाव विचारलं तेव्हा पोटात तेच झालं. मी टेबलाखाली मूठ आवळली आणि सांगितलं. आक्कांना फोन केला. "ऐकाया आलं का त्यांना?" एवढंच त्यांनी विचारलं.

पुढच्या हिवाळ्यात आक्का गेल्या. मला दोन दिवसांनी कळलं. त्यांच्या स्मरणार्थ घरी जेवण ठेवलं होतं, त्याला मी लातूरला गेले. फडताळ रिकामं होतं. भांडी मोडीत दिली, सून म्हणाली, जागा अडत होती. तो सासऱ्यांचा तांब्याही गेला, खाली खरखरीत लागणारा. पाणी काचेच्या ग्लासात आलं. मी सवयीनं ग्लास फिरवून बघितला. काचेवर काहीच नव्हतं.

निघताना प्रत्येकाला आठवण म्हणून स्टीलचा एक डबा दिला. बसमध्ये बसल्यावर मी तो उजेडात धरला. मुलाचं नाव होतं, पदवीसकट. खाली सुनेचं. त्याखाली 'मातोश्रींच्या स्मरणार्थ'.

कोणाच्या? डबा सगळीकडून फिरवला. सासरचं नाव नाही, माहेरचं तर नाहीच. नुसतं मातोश्री. ज्या बाईनं आयुष्यभर आपलं नाव गावभर कोरत नेलं, तिच्या आठवणीच्या डब्यावर तिला जागा मिळाली नव्हती. आणि मला खात्री आहे, त्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. तेच मला सहन झालं नाही.

नांदेड रोडच्या वळणावर बस थांबली होती. मी मोठ्यानं म्हटलं, "ध्यानात हाय." शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे बघितलं.

मग मी थांबले. घाईनं फक्त भांडण होतं, हे आक्कांकडून शिकले होते.

या वर्षी आमंत्रण आलं. मुलानं जुनं घर पाडून तिथेच बंगला बांधला आहे; त्याची वास्तुशांती. 'आपण आईच्या फार जवळच्या, जरूर यावे,' असा त्याचा निरोपही आला. जरूर जाणार. मी आदल्या दिवशीच लातूरला आले आणि सरळ भांड्यांच्या बाजारात गेले. पाण्याचं मोठं पिंप घेतलं, तोटीवालं, जाड. दोन माणसांशिवाय हलणार नाही असं. माळ्यावर टाकायला जड, मोडीत घालायला नवं, आणि लातूरच्या उन्हाळ्यात पाणी साठवल्याशिवाय कुणाचं चालत नाही.

नाव घालणारा त्याच पायरीवर होता. केस पांढरे झालेले. मला त्यानं ओळखलं नाही. पिंपाभोवती त्यानं हात फिरवला.

"कुठं घालायचं?"

"चारही अंगांना."

"चारी? कामून?"

"भिंतीकडे फिरवलं तर?"

तो हसला, यंत्र उचललं. झाऱ्यांचा ढीग तिथेच होता. त्याच्या पलीकडे कुणी पाठ करून उभं नव्हतं. तरी मी एकदा तिकडे बघितलं.

"बोला, काय नाव?"

मी ते नाव सांगितलं. उदगीरच्या एका आईनं लेकीला दिलेलं, कानशीनं घासलेलं ते नाव, भर बाजारात, रिक्षांच्या वर आवाज चढवून. जिभेशी काही अडलं नाही. दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

त्यानं मान डोलावली. त्याला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. तरी मी पुन्हा एकदा सांगितलं.